हृदयाची आवर्ती ठेव

जबलपूरच्या छावणी परिसरात दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू होतो. ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रे याच शहरात आहेत. सिग्नल कोअरचेही एक प्रशिक्षण केंद्र येथे आहे. नव्याने भरती झालेले जवान पहाटे धावताना दिसणे हे येथील रहिवाशांना नित्याचेच. छावणीची बाजारपेठ असलेल्या सदरमध्ये आणि तिच्या आसपास सैन्यातून, गन कॅरेज फॅक्टरीतून आणि व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेली असंख्य कुटुंबे स्थिरावली आहेत. साहजिकच या भागातील बँक शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारकांचा राबता मोठा असतो.

या ज्येष्ठ ग्राहकांपैकी काहींच्या सोबत त्यांचे पंचविशीतले, तिशीतले, कधी चाळिशीतले अपत्य असते. वयाने प्रौढ, परंतु आकलनाने आणि व्यवहाराने आई-वडिलांवर अवलंबून. अशा पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. कुटुंबनिवृत्तिवेतनात मुलाचे नाव कसे नोंदवायचे? पालकत्वाचे प्रमाणपत्र कोठे मिळते? खाते कोण चालवणार? या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच चिंता असते, ती म्हणजे ‘आमच्यानंतर याचे काय?’

पैशाच्या बाजूने या चिंतेला बऱ्याच अंशी उत्तर आहे. केंद्र सरकारी आणि सैन्यदलातील कर्मचाऱ्याचे दिव्यांग अपत्य स्वतःची उपजीविका मिळवण्यास असमर्थ असेल, तर विहित अटींवर त्याला कुटुंबनिवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते. परंतु ‘आजीवन’ या शब्दातील जीवन किती वर्षांचे आणि कोणत्या प्रतीचे असेल, हे कोणत्याही पासबुकात लिहिलेले नसते. ते अवलंबून असते छातीतल्या मुठीएवढ्या एका स्नायूवर. पैशाची तरतूद करणारे पालक या स्नायूची तरतूद करायला मात्र अनेकदा विसरतात. प्रस्तुत लेखाचा विषय हीच दुसरी तरतूद आहे.

कोणाविषयी बोलतो आहोत?

पूर्वी ज्यांना ‘मतिमंद’ म्हटले जाई, त्यांच्यासाठी आज ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ किंवा ‘बौद्धिक दिव्यांग’ असे शब्द वापरले जातात. बदल केवळ शब्दाचा नाही, दृष्टीचाही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात झाली होती. अक्षमतेची कारणे अनेक असतात. डाउन सिंड्रोम हे त्यांपैकी एक ठळक कारण. त्यात शरीरातील पेशींमध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते.

मराठी समाजाला या क्षेत्रातील कार्याची दीर्घ परंपरा आहे. मुंबईतील जय वकील शाळेची सुरुवात १९४४ मध्ये झाली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ उभी केली. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’चे कार्य सुरू झाले. जबलपुरातही जस्टिस तन्खा मेमोरियल रोटरी इन्स्टिट्यूट ही विशेष मुलांसाठी काम करणारी संस्था आहे. अशा संस्थांमुळे बालपण बरेचसे सावरले जाते. शाळेत प्रार्थना असते, कवायत असते, खेळाचा तास असतो, वार्षिक क्रीडादिन असतो.

खरी पोकळी त्यानंतर निर्माण होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो ६ ते १८ या वयोगटासाठी. अठरा वर्षे पूर्ण झाली की बहुतेकांचे शाळेचे दार बंद होते. काहींना संरक्षित कार्यशाळेत जागा मिळते. उरलेले घरी बसतात. ‘घरी बसतात’ हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः खरा ठरतो. पलंग, दूरदर्शन संच आणि जेवणाचे ताट या तीन बिंदूंमध्ये दिवस संपतो आणि अशी वर्षे एकामागून एक निघून जातात.

जोखीम कोठून येते?

एके काळी बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती फार जगत नसत, म्हणून त्यांच्या प्रौढपणातील आजारांचा विचारही होत नसे. आज चित्र पालटले आहे. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आता ते ६० वर्षांच्या घरात पोहोचले आहे. लहानपणीच होणाऱ्या हृदयशस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि कुटुंबातील संगोपन यांचे हे फळ होय. आयुष्य वाढले तसे मध्यमवयातील आजारही वाट्याला आले. रक्ताभिसरणाचे विकार हे आज या व्यक्तींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहेत.

यामागील कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण बैठी जीवनशैली आणि तिच्यामुळे वाढणारे वजन. दुसरे कारण औषधे. वर्तनातील अडचणींसाठी दिली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन, आणि अपस्मारावरील व्हॅल्प्रोएटसारखी औषधे भूक व वजन वाढवू शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीही बंद करू नयेत, परंतु ती चालू असताना वजन, रक्तशर्करा आणि चरबीचे प्रमाण यांच्यावर लक्ष ठेवणे अगत्याचे असते.

तिसरे कारण आपल्या मायेत दडलेले आहे. ‘बिचाऱ्याला दुसरे सुख काय आहे?’ असे म्हणत घरातील प्रत्येक जण त्याच्या हातावर काही ना काही ठेवतो. खव्याची जिलेबी ही तर जबलपूरची ओळख. शहाण्यासारखे वागला म्हणून जिलेबी, रडला म्हणून जिलेबी, पाहुणे आले म्हणून जिलेबी. मायेचे हे हप्ते पोटाच्या घेरावर जमा होत राहतात.

चौथे कारण अधिक सूक्ष्म आहे. आपल्याला छातीत दडपण वाटले तर आपण सांगतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला ते शब्दांत सांगता येईलच असे नाही. ती जिन्यावर मध्येच बसते, चिडते, बाहेर जाण्यास नकार देते. आपण म्हणतो, ‘हट्टी आहे.’ कधीकधी वैद्यकीय तपासणीतही प्रत्येक तक्रारीचे खापर मूळ अक्षमतेवर फोडले जाते आणि हृदयाचा विचार मागे पडतो.

अक्षमता की संधीचा अभाव?

‘ही मुले मुळातच अशक्त असतात, त्यांना व्यायाम झेपणार नाही,’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील टोरांटो येथे डॉ. फ्रँक हेडन या शास्त्रज्ञाने या समजाची कसोटी घेतली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शारीरिक क्षमता त्यांच्या वयाच्या इतर मुलांच्या निम्मीच आहे, असे त्यांना आढळले. मात्र ते तेथेच थांबले नाहीत. त्यांनी या मुलांकडून पद्धतशीर व्यायाम करवून घेतला आणि त्यांची क्षमता वाढते हे दाखवून दिले. दुर्बलतेचे मोठे कारण अक्षमता नसून बसून राहणे हे होते. कोणी त्यांना धावायला सांगितलेच नव्हते.

त्याच सुमारास, १९६२ मध्ये, अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी आपल्या मेरिलँडमधील घराच्या अंगणात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. या दोन प्रवाहांतून २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले स्पेशल ऑलिंपिक भरले. आज या स्पर्धांत ८ वर्षांपासून पुढे कोणत्याही वयाच्या खेळाडूला भाग घेता येतो. वयाची वरची मर्यादा नाही. १९९७ पासून तर खेळाडूंच्या आरोग्यतपासणीचाही स्वतंत्र कार्यक्रम राबवला जातो.

भारतात २००१ मध्ये ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ या संस्थेची नोंदणी झाली. बर्लिन येथील २०२३ च्या उन्हाळी जागतिक स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी ७६ सुवर्णांसह २०२ पदके मिळवली. ‘त्यांना काय झेपणार?’ या प्रश्नाला याहून वेगळे उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

तथापि पदक हा या विषयाचा एक भाग झाला. मध्य प्रदेशातीलच रीवा येथील सीता साहू हिने २०११ मध्ये अथेन्सच्या स्पर्धेत दोन कांस्यपदके मिळवली. पुढे २०१३ मध्ये, ती कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी पाणीपुरी विकत असल्याच्या बातम्या देशभर प्रसिद्ध झाल्या आणि समाजाला क्षणभर खडबडून जाग आली. कष्टाच्या कामात कमीपणा नाही. परंतु स्पर्धा संपल्यावर खेळाडूमागचा आधार किती लवकर विरतो, याचे ते बोलके उदाहरण होते. हृदयाला तर दोन वर्षांनी येणाऱ्या स्पर्धेचा उपयोग फारसा नसतो. त्याला रोजचा व्यायाम लागतो.

व्यायामाने हृदयात काय घडते?

हृदय हा स्नायू आहे आणि कोणत्याही स्नायूप्रमाणे तो सरावाने सुधारतो. नियमित चालण्या-धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या प्रकारे वापरला जातो. रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचीक राहते, इन्सुलिनचे कार्य सुधारते, रक्तदाब आटोक्यात राहण्यास साहाय्य होते.

हे सारे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांतही घडते काय? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो येथील एका अभ्यासात जेम्स रिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या ५२ प्रौढांचा विचार केला. त्यांचे सरासरी वय सुमारे ३९ वर्षे होते. व्यायामाच्या गटाने १२ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ४५ मिनिटे व्यायाम केला. त्यांतील ३० मिनिटे हृदय-फुप्फुसांसाठी आणि १५ मिनिटे स्नायूंच्या बळासाठी होती. बारा आठवड्यांनंतर या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि स्नायूंचे बळ व्यायाम न करणाऱ्या गटापेक्षा लक्षणीय वाढलेले आढळले. वजनात घट झाली, पण ती किंचित. यातून पालकांनी एक महत्त्वाचा बोध घ्यावा. वजनाचा काटा फारसा हलला नाही म्हणून व्यायाम वाया गेला, असे मानू नये. हृदयाचा लाभ काट्यावर दिसत नाही.

मात्र या ठेवीला एक अट आहे. हप्ते थांबले की काही आठवड्यांतच कमावलेली क्षमता ओसरू लागते. म्हणूनच व्यायामाला मुदत ठेवीऐवजी आवर्ती ठेव म्हणणे अधिक योग्य. एकदाच मोठी रक्कम भरून मोकळे होण्याची सोय येथे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रथमच दिव्यांग व्यक्तींसाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. प्रौढ दिव्यांगांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम असे हे प्रमाण आहे. इतर प्रौढांसाठीही हेच प्रमाण आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच सूचना असेही सांगतात की अजिबात नसण्यापेक्षा थोडा व्यायामही हिताचा.

नाडीचा वेगळा हिशेब

व्यायामाची तीव्रता ठरवताना एक सूत्र सर्वत्र वापरले जाते. २२० मधून वय वजा करा, आलेली संख्या म्हणजे नाडीचा कमाल वेग. तीस वर्षांच्या व्यक्तीसाठी हा आकडा १९० येतो. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीसाठी मात्र हे सूत्र दिशाभूल करणारे ठरते. त्यांच्या स्वायत्त मज्जासंस्थेची श्रमाला मिळणारी साद मंद असल्याने हृदयाचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही.

अमेरिकन संशोधक बो फर्नहॉल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या समीकरणाप्रमाणे हिशेब केला, तर तीस वर्षांच्या डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचा कमाल वेग सुमारे १६२ येतो. बौद्धिक अक्षमता आहे पण डाउन सिंड्रोम नाही, अशा व्यक्तीसाठी तो सुमारे १७८ येतो. समजा, व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने नेहमीच्या सूत्रावर विसंबून नाडी १४० पर्यंत न्यायला सांगितले. १९० च्या तुलनेत हा मध्यम व्यायाम झाला, पण १६२ च्या तुलनेत तो ८६ टक्के, म्हणजे चांगलाच जोरकस व्यायाम झाला. मुलगा दोन मिनिटांत बसला, तर त्याला आळशी कसे म्हणावे? मध्यम व्यायामासाठी त्याची नाडी सुमारे १०४ ते १२३ या दरम्यान असली तरी पुरेशी आहे.

प्रारंभापूर्वीची तपासणी

कोणताही कर्जप्रस्ताव कागदपत्रे तपासल्याशिवाय मंजूर होत नाही. व्यायामाचेही तसेच आहे. सुरुवातीपूर्वी डॉक्टरांकडून पुढील बाबी पाहून घ्याव्यात.

१. हृदय. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांत जन्मजात हृदयदोष असतो. बालपणी दोष नसला तरी प्रौढ वयात झडपांचे विकार उद्भवू शकतात. म्हणून इकोकार्डिओग्राफीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

२. मान. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांतील सांधा काही जणांत सैल असतो. मान दुखणे, चाल बदलणे, हातापायांतील बळ कमी होणे किंवा लघवीवरील नियंत्रण सुटणे यांपैकी काही दिसल्यास व्यायाम थांबवून त्वरित तपासणी करावी. कोलांटउडी, शीर्षासन, पाण्यात सूर मारणे आणि मान झटक्याने फिरवणे हे प्रकार टाळावेत.

३. थायरॉइड. याची मंदता डाउन सिंड्रोममध्ये वरचेवर आढळते. तिच्यामुळे थकवा येतो, वजन वाढते. साधी रक्ततपासणी पुरते.

४. रक्तदाब, रक्तशर्करा, रक्तातील चरबी, वजन आणि कमरेचा घेर. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना मानली जाते.

५. अपस्मार. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना फिट येण्याचा त्रास असतो. अशांनी पोहणे किंवा सायकल चालवणे सोबतीशिवाय करू नये.

बारा आठवड्यांचा आराखडा

सैन्यात भरती झालेल्या जवानालाही पहिल्या दिवशी लांब पल्ल्याची दौड करायला लावत नाहीत. टप्प्याटप्प्याने त्याची क्षमता वाढवली जाते. घरातील व्यायामालाही हाच नियम लावावा. डॉक्टरांच्या संमतीनंतर पुढील क्रम बहुतेकांना झेपण्यासारखा आहे.

पहिले दोन आठवडे सकाळी १० मिनिटे आणि संध्याकाळी १० मिनिटे सावकाश चालणे. उद्देश एकच, वेळेची आणि वाटेची सवय लागणे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत सकाळचे चालणे हळूहळू २० मिनिटांवर न्यावे आणि मधली ५ मिनिटे थोडी भरभर चाल ठेवावी. सातव्या आठवड्यापासून ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस. येथे १५० मिनिटांचे उद्दिष्ट पूर्ण होते. प्रारंभी आणि शेवटी ५ मिनिटे मंद चाल असावीच.

आठवड्यातून दोन दिवस बळाचे व्यायाम जोडावेत. त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून शरीर मागेपुढे करणे, एक लिटर पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांनी उचलणे, घरातील एका पायरीवर चढ-उतार करणे एवढे पुरेसे आहे.

पावसाळ्यात किंवा चालण्याचा कंटाळा आल्यास आपल्या मातीतला एक उत्तम पर्याय आहे, तो म्हणजे लेझीम. ताल आहे, पावले आहेत, समोरच्याचे पाहून करण्याची सोय आहे, आणि चार जण एकत्र आले की आनंदही आहे. केवळ मानेला हिसका बसणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. मानसिक विकारांवरील काही औषधांमुळे शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती कमी होते. म्हणून एप्रिल ते जूनपर्यंत चालणे सूर्योदयाच्या सुमारास आटोपावे. तहान लागल्याचे तो सांगेलच असे नाही; पाणी आपणच आठवणीने द्यावे.

शिकवण्याची रीत

येथे शिकवणाऱ्याची कसोटी लागते. तोंडी सूचनेपेक्षा कृती करून दाखवणे प्रभावी ठरते. एका वेळी एकच सूचना द्यावी. वेळ, वाट आणि क्रम शक्यतो बदलू नये, कारण ठरलेली गोष्ट या व्यक्तींना आश्वस्त करते. भिंतीवर बूट, रस्ता, पाण्याचा पेला आणि न्याहारीची बशी अशी चार चित्रे क्रमाने लावली, तर ‘आता काय’ आणि ‘नंतर काय’ हे न बोलता समजते. ‘अर्धा तास चालू’ याऐवजी ‘मंदिरापर्यंत जाऊन परत येऊ’ हे अधिक कळते. दिनदर्शिकेवर रोज एक रंगीत टिकली लावण्याचा मान त्याचा. बक्षीस द्यायचेच, तर आवडते गाणे, शाबासकी किंवा मित्राची भेट असावी, मिठाई नसावी.

श्रमाची मात्रा ठरवताना त्याच्याकडे पाहावे. श्वास वाढला आहे, कपाळावर थोडा घाम आहे, पण चेहरा प्रसन्न आहे आणि दोन शब्द बोलता येत आहेत, तर मात्रा योग्य. चालताना ओठ निळसर होणे, चक्कर, छातीवर वारंवार हात नेणे, एकाएकी धाप लागणे किंवा भोवळ येणे, यांपैकी काही दिसले तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. पायांवर सूज, पूर्वी सहज चढत असलेला जिना टाळणे आणि नेहमीच्या कामात अकारण थकवा याही दखलपात्र खुणा आहेत.

सोबत कोणी चालायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत निर्णायक ठरतो. पासष्टीचे वडील आणि पस्तिशीचा मुलगा एकत्र चालले, तर एकाच वेळेत दोन हृदयांची ठेव भरली जाते. तरीही सारा भार एकाच व्यक्तीवर नसावा. भाऊ, वहिनी, भाचा, शेजारचा मित्र यांच्यात वार वाटून घ्यावेत. एका परिसरातील तीन-चार कुटुंबांनी मिळून गट केला तर सातत्य टिकते. आई-वडिलांच्या पश्चात व्यायामाची ही सवय चालू राहायची असेल, तर ती त्यांच्या हयातीतच चार जणांच्या हाती गेली पाहिजे.

अर्थाची बाजू

या आराखड्याला लागणारा खर्च म्हणजे पायाला नीट बसणारे बूट. बाकी तपासण्या आणि उपचारांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांना तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यासाठी विम्यापूर्वी वैद्यकीय चाचणी लागत नाही आणि बाह्यरुग्ण उपचारांचाही तिच्यात समावेश आहे.

अठरा वर्षांनंतर आई-वडीलही कायद्याच्या दृष्टीने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. अशा प्रमाणपत्राच्या आधारे खाते उघडण्यास आणि चालवण्यास बँकांनी मान्यता द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००७ मध्येच कळवले आहे. शाखेतील सहकाऱ्यांनी ही माहिती अशा ग्राहकांना आपणहून द्यावी. त्याच वेळी ‘तो रोज चालतो का?’ हा एक प्रश्नही विचारावा. तो कोणत्याही अर्जात छापलेला नाही, तरी त्या घरासाठी मोलाचा आहे.

हप्ता आजचा

वाचकहो, आपल्या घरात, नात्यात किंवा गल्लीत अशी एखादी प्रौढ व्यक्ती असेलच. तिच्या उद्याच्या काळजीपोटी आपण वारसनोंद करतो, ठेवी ठेवतो, न्यास स्थापन करतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु आपल्यानंतर तिला स्वतःच्या पायांनी जिना चढता येणे, स्वतःची बादली उचलता येणे, कोणावर ओझे न होता सकाळी उठून बाहेर पडता येणे, ही संपत्ती कोणत्याही खात्यात जमा करता येत नाही. ती केवळ तिच्या शरीरातच साठवता येते. बँकेत आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात दंडासह भरता येतो. येथे तशी सवलत नाही. आजचा हप्ता आजच भरावा लागतो, आणि तो वीस मिनिटांचा आहे.